बेवारस भूमी

ज्या पाण्याच्या तळाशी दुसऱ्याचे घर आहे, त्या पाण्यावर मौजेखातर नाव न्यावी की नेऊ नये, असा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत आम्हांस कोठे आढळला नाही. ह्या ग्रंथांना असत्य, चौर्य, हिंसा असले ठळक विषय प्रिय असतात. सुट्टीतला मनुष्य काय करतो इकडे त्यांचे फारसे लक्ष जात नाही. परंतु सामान्य गृहस्थाच्या हातून चौर्य किंवा हिंसा घडण्याचे प्रसंग आयुष्यात विरळा येतात, आणि सुट्टी मात्र दरवर्षी येते. तेव्हा सुखोपभोगाची नीती हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर काढलेल्या तीन दिवसांत ह्या प्रश्नाने आम्हांला बरेच छळले. आणि आश्चर्य असे की, त्याचे खरे स्वरूप नावेत बसलो असता ध्यानात आले नाही, तर मधला एक दिवस काठावर, पवनी गावात, काढला तेव्हा आले.

प्रथम पाण्याविषयी. गोसीखुर्द येथील धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. सुमारे ११ किलोमीटर लांबीची भिंत, ३३ दरवाजे, आणि अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणण्याचा संकल्प, असा हा प्रचंड उद्योग आहे. आरंभी त्याचा खर्च ३७२ कोटी रुपये धरला होता; २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि पुढे अंदाज १८ हजार कोटींच्याही पलीकडे गेला. ह्या हिशेबाची चर्चा वर्तमानपत्रांनी भरपूर केलेली आहे, ती आम्ही येथे लांबवीत नाही. आमच्या विषयापुरते एवढेच सांगणे आहे की, ह्या भिंतीमागे वैनगंगा फुगून भंडाऱ्यापर्यंत पसरली आणि भंडारा व नागपूर ह्या दोन जिल्ह्यांतील पुष्कळ गावे काही सर्वस्वी, काही अर्धीमुर्धी, पाण्यात गेली. जेथे नांगर चालत होते तेथे आता हिवाळ्यात बदके उतरतात. सरकारनेही येथे जलपर्यटनाची योजना हाती घेतली आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण स्थळ खरोखर रमणीय झाले आहे. सकाळच्या धुक्यात ते पाणी पाहिले असता त्याचा जन्म सरकारी कचेरीत झाला असेल ह्यावर विश्वास बसत नाही.

आमचा नावाडी धीवर समाजातला, चाळिशीच्या घरातला गृहस्थ होता. पाण्याच्या मध्यावर, जेथे वठलेल्या झाडांचे दोनतीन शेंडे वर आले होते, तेथे त्याने यंत्र बंद केले आणि बोट करून म्हणाला, “पाहा जी, अठीच होता आमचा पार.” मग पाराच्या कोणत्या अंगाला शाळा होती, देऊळ कोठे होते, पोहण्याचा डोह कोठे होता, हे त्याने क्रमाने दाखविले, आणि गावाचे नावही सांगितले. त्याच्या स्वरात दुःख नव्हते. पाहुण्याला घर दाखविताना ही ओसरी, हे माजघर, असे आपण म्हणतो तसाच तो स्वर होता. आमच्यापैकी एक स्नेही नुकतेच त्या देखाव्याची मोठ्याने तारीफ करीत होते. ते गप्प झाले. थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू झाले आणि सर्वांनाच बरे वाटले.

असे बरे वाटणे हीच गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्या रात्री आम्हा मंडळींत जो वाद झाला त्यात दोन बाजू पडल्या. एका बाजूचे म्हणणे असे की, धरण आम्ही बांधले नाही, गावे आम्ही उठविली नाहीत. पाणी तेथे आहे आणि सुंदर आहे, तर सुंदर वस्तू पाहण्यात पाप कोठले? ताजमहाल पाहताना त्याच्या मजुरांची मजुरी कोणी विचारतो काय? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, परक्याच्या विपत्तीतून निघालेले सुख हे चोरीच्या मालासारखे आहे. चोरी आपण केली नसली तरी माल घेऊ नये.

पहिले मत सोईचे आहे, एवढ्यावरूनच त्याचा संशय यावा. आम्ही नागपूरकर. आमच्या शहराचे सांडपाणी नाग नदी वाहून नेते. ती कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्यापाशी वैनगंगेला. म्हणजे ज्या जलाशयावर आम्ही निसर्गाच्या निर्मळ सहवासाकरिता गेलो, त्यात आमच्याच न्हाणीघरांचे पाणी आमच्या आधी येऊन पोहोचले होते! ज्या विवेकसिंधूच्या रचनेचा मान आंबेजोगाईप्रमाणे हे आंभोरेही आपल्याकडे घेते, त्याच्या पायथ्याशी ही स्थिती आहे. ह्यापुढे “आमचा काय संबंध” असे म्हणण्याचे धाडस निदान नागपूरच्या मनुष्याने करू नये. जो धरणाच्या पाण्यावर पिकलेला तांदूळ खातो आणि धरणाच्या पाण्यात आपली घाण सोडतो, तो त्या धरणाला परका नव्हे.

दुसरे मत उदात्त दिसते, पण तेही टिकत नाही. आम्ही नावेत बसलो नसतो तर त्या पाराचे पाणी ओसरले नसते, आणि नावाड्याचा त्या दिवसाचा रोजगार मात्र बुडाला असता. ज्याचे गाव गेले त्यालाच आता ह्या पाण्यावर पोट भरायचे आहे. अशा स्थितीत आमच्या वैराग्याचा खर्च त्याने सोसावा, हे कोणत्या धर्मात बसते? शिवाय ह्या मताच्या मंडळींना एक अडचण दुसऱ्याच दिवशी आली, आणि ती आमच्या मते निर्णायक होती. ती अशी.

दुसरा दिवस काठावरचा. धरणापासून नदीच्या खालच्या अंगाला पवनी हे पुरातन गाव आहे. तीन बाजूंना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी त्याची मूळची रचना; तटाला दगडी दरवाजा, जवळ बालसमुद्र नावाचा तलाव, नदीवर घाट आणि गावात देवळेच देवळे. येथील कोष्ट्यांची तलम रेशीमकाठी वस्त्रे एकेकाळी दूरवर जात. सकाळभर आम्ही गल्ल्यांतून हिंडलो, पंचमुखी गणपतीचे दर्शन घेतले, घाटावर बसून चुरमुरे खाल्ले. २०२०च्या ऑगस्टअखेरीस धरणाचे सारे दरवाजे उघडावे लागले तेव्हा ह्या भागात पुराने केवढा हाहाकार केला, हे घाटावरच्या एका वृद्धाने सांगितले. म्हणजे ह्या भिंतीची झळ वरच्यांनाच लागली असे नाही. नंतर आम्ही जगन्नाथ टेकडीकडे गेलो.

ही टेकडी म्हणजे एक स्तूप आहे. १९६९–७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून येथे उत्खनन केले, डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. सुमारे ३८ मीटर व्यासाचा, म्हणजे सांचीच्या महास्तूपाच्या तोडीचा, इसवी सनापूर्वीचा स्तूप मातीतून वर आला. भोवतीच्या दगडी कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली निघाली: कोणी गृहस्थ, कोणी उपासिका, कोणी भिक्षुणी. एका शिल्पात मुचलिंद नाग रिकाम्या आसनावर फणा धरून आहे. वादळी पावसात बुद्धाला छत्र देणारा तोच हा नाग, आणि शिल्पकाराने त्याचे नावही खाली लिहून ठेवले आहे. कोरीव दगड आता वस्तुसंग्रहालयांत गेले आहेत. टेकडीवर ऊन छान होते. आम्ही तेथे दोन तास घालविले, विद्वत्तेच्या गोष्टी केल्या, आणि फार आनंदित झालो.

आदल्या रात्री ज्यांनी चोरीच्या मालाचा दृष्टांत दिला होता तेही आनंदित झाले. आम्ही त्यांना विचारले, “काल एका मोडलेल्या गावावरून जाताना आपणांस अपराधी वाटले. आज आपण दुसऱ्या एका मोडलेल्या वस्तीवर उभे आहात आणि शेंगा खात आहात. येथेही माणसे राहत होती, प्रार्थना करीत होती; त्यांनी घामाच्या पैशातून हा कठडा उभारला. ती माणसे गेली, त्यांचा स्तूप मातीआड गेला, वर जगन्नाथाचे नाव आले. येथे आपणांस काही का वाटत नाही?” ते म्हणाले, “त्याला दोन हजार वर्षे झाली.”

हे उत्तर आपण सारेच देतो, आणि ते विचारावाचून देतो. काल कर्जाची मुदत संपवितो, ही कल्पना न्यायकचेरीतील आहे. तेथे ती योग्य आहे, नाहीतर खटल्यांना अंतच राहणार नाही; परंतु नीतीत तिला कोणी दाखला दिला? वीस वर्षांपूर्वीची हानी क्लेशकारक आणि दोन हजार वर्षांपूर्वीची रमणीय, असे जर असेल, तर मध्ये कोठेतरी एक असे वर्ष पडले पाहिजे की ज्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती क्लेशकारक होती आणि दुसऱ्या दिवसापासून प्रेक्षणीय झाली. असे वर्ष कोणी दाखवू शकत नाही. तेव्हा खरे कारण काल हे नव्हे. खरे कारण आमच्या स्नेह्यांनी दुसऱ्या खेपेला, जरा चिडून, सांगितले: “अहो, येथे आता दावा सांगायला कोण आहे?”

हे मात्र खरे बोलणे झाले. पाण्याखालच्या गावाचा वारस आमच्या समोर बसून सुकाणू धरीत होता. टेकडीखालच्या वस्तीचा वारस दिसत नव्हता. वारस नसलेला अवशेष आपल्याला सुख देतो आणि वारस असलेला लाज आणतो. म्हणजे जी लाज आम्हांला वाटली ती हानीची नव्हे, साक्षीदाराची होती. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर सर्वांना बरे का वाटले, ह्याचा उलगडा येथे होतो, आणि तो फारसा शोभादायक नाही.

पण पवनीचा अवशेष बेवारस आहे हे तरी आमच्या स्नेह्यांना कोणी सांगितले? पवनीपासून फार लांब नाही अशा रुयाड गावी आता नवा महास्तूप उभा आहे. पञ्ञा मेत्ता संघाने जपानी बौद्धांच्या साहाय्याने तो उभारला. तेथे निळी आणि पंचरंगी निशाणे घेऊन येणारी माणसे ह्याच जिल्ह्यातली, ह्याच खेड्यांतली. १९५४ साली डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे होते आणि पराभूत झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्धधम्म स्वीकारला. त्या दिवसापासून पवनीच्या टेकडीला वारस मिळाले, आणि ते टेकडी खोदली जाण्याच्या तेरा वर्षे आधीच मिळाले होते. ज्या भूमीला शतकानुशतके कोणी विचारीत नव्हते ती भूमी “आमची” म्हणणारी माणसे एका दिवसात उभी राहिली. आणि त्यांचे म्हणणे खोटे आहे असे कोणाला म्हणता येईल? त्यांच्यापाशी त्या उपासिकांपासूनची वंशावळ नाही. पण वारसा म्हणजे केवळ रक्त असे आपल्या धर्मशास्त्रानेही मानलेले नाही. विज्ञानेश्वराची मिताक्षरा पुत्राला जन्मतःच हक्क देते हे खरे. परंतु जीमूतवाहनाचा दायभाग, जो बंगालात चालला, तो वारसाचा क्रम लावताना मृताला पिंडदानाने कोण किती उपकारक होतो हे पाहतो. मेलेल्यापासून तुम्ही काय घेता ह्यापेक्षा त्याला काय देता, ह्यावरून तुमचे नाते ठरावे, ह्या कल्पनेत आमच्या मते खोल अर्थ आहे. आम्ही प्रवासी टेकडीवरून केवळ घेऊन गेलो: थोडे ऊन, थोडे ज्ञान, काही छायाचित्रे. निशाणे घेऊन येणारे तेथे वंदन करतात, म्हणजे काही देतात. वारस ते, आम्ही गिऱ्हाईक.

येथे कोणी म्हणेल की, पाणी साठवायचे तर जमीन बुडायचीच, आणि भंडारा हा तर पिढ्यान्पिढ्या तळ्यांचा जिल्हा. हा आक्षेप आम्हांला महत्त्वाचा वाटतो. कोहळी लोकांनी ह्या मुलखात बांधलेले तलाव शेकड्यांनी मोजावे लागतात. नवेगावबांध हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. तो १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून भंडाऱ्यात राहिला नाही, पण परंपरा तीच. त्या तलावांनीही जमीन गिळली असेल. मग त्यांच्या काठावर आपणांस लाज का वाटत नाही? आमचे उत्तर असे की, तेथे ज्याची जमीन पाण्यात गेली आणि ज्याच्या धानाला पाणी मिळाले, ते दोघे एकाच गावचे होते. पाळीवर उभे राहिले की दोघे एकमेकांना दिसत. नफ्यातोट्याचा हिशेब चावडीवर होई. तो न्याय्यच होई असे आम्ही म्हणत नाही. मालगुजाराच्या चावडीवर डोक्यावरून माती वाहणाऱ्याचे किती ऐकले जाई, हे सांगायला नको. पण त्या तळ्यात मासा धरण्याचा, गुरे पाजण्याचा निस्ताराचा हक्क गावाला होता, आणि ज्याचे नुकसान झाले त्याचे तोंड रोज दिसत होते. गोसीखुर्दच्या पाण्यात बुडणारा एका तालुक्यातला, भिजणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, आणि नावेतून हिंडणारा तिसऱ्याच शहरातला. तिघांची गाठ कधी पडत नाही. लाजेला जागाच उरलेली नाही, आणि म्हणून ती आली की आपण दचकतो.

शिवाय, वारस कोण हे ठरवायला सरकारने जो ग्रंथ घेतला तो मिताक्षरा नव्हे आणि दायभागही नव्हे. तो सातबाऱ्याचा उतारा. ज्याचे नाव उताऱ्यावर, त्याची जमीन गेली. पण आमच्या नावाड्याचा डोह कोणत्या उताऱ्यावर होता? धीवराची जमीन म्हणजे नदीच. ती कोणी बुडविली नाही, उलट वाढविली. आणि तरी त्याची ती राहिली नाही. खोल पाण्यात त्याच्या बापाचे जाळे चालत नाही आणि बापाचा डोंगा पुरत नाही. अशा माणसाला काय गेले असे विचारल्यास तो कागद दाखवू शकत नाही. तो पाण्याच्या मध्यावर यंत्र थांबवून बोट दाखवितो. त्या बोटाकडे पाहण्यावाचून आम्हांला त्या दिवशी दुसरे काही करता येण्याजोगे नव्हते हे खरे. पण ते तरी आम्ही नीट केले की नाही, हा प्रश्न उरतोच.

म्हणून नावेत बसावे की बसू नये, हा वाद आम्हांला आता गौण वाटतो. बसावे. परंतु जलपर्यटनाची जी योजना होते आहे तीत नावा कोणाच्या मालकीच्या असतील, हे आम्हांला बंदराच्या सुशोभनापेक्षा महत्त्वाचे वाटते. आणि त्या नावांतून जाणाऱ्याला पाण्याखालच्या गावांची नावे कोणी सांगेल की नाही, हे त्याहून महत्त्वाचे. पवनीच्या कठड्यावरील दात्यांनी मोठा ग्रंथ लिहिला नाही. नाव आणि दान, एवढेच लिहिले. तेवढ्या आधारावर दोन हजार वर्षांनी त्यांना आप्त लाभले. जेथे नावच राहत नाही तेथे आप्त कशाला धरून येणार? करमणुकीच्या स्थळी असले स्मरण नको, त्याने रसभंग होतो, असे कोणी म्हणेल. आमचा अनुभव उलट आहे: ज्या पाण्यावर पार कोठे होता हे कळले तेच पाणी आम्हांला आठवते, बाकीचे जलविहार एकमेकांत मिसळून गेले आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी पवनीच्या मोटारस्थानकावर आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतो. शेजारी दप्तर घेतलेली दहाबारा वर्षांची एक मुलगी उभी होती. आमच्या सौभाग्यवतींनी तिला सहज विचारले, “बाळ, कोणत्या गावची तू?” तिने चटकन गावाचे नाव सांगितले. ते नाव आम्ही आदल्या दिवशी पाण्याच्या मध्यावर नावाड्याच्या तोंडून ऐकले होते. तिच्या जन्माआधीच ते गाव उठले होते. इतक्यात तिची गाडी आली. पाटीवर तेच नाव होते आणि त्यापुढे बारीक अक्षरांत ‘पुनर्वसन’ असे लिहिले होते. मुलगी धावत चढली, आणि गाडी नदीकडे पाठ करून निघून गेली.